सत्तावन्न माणसं, एकोणसत्तर आवाज

इर्शादने यंत्र पुन्हा एकदा चालवलं आणि पुन्हा बेरीज तीच आली. 'होय' म्हणणारे तेहतीस, 'नाही' म्हणणारे छत्तीस. एकूण एकोणसत्तर. आणि त्या दिवशी विधानसभेत मत द्यायला हजर होते सत्तावन्न आमदार.

"मॅडम, परवा कोर्टात हे आकडे दिले तर लोक हसतील आपल्याला," इर्शाद म्हणाला. इर्शाद देशमुख ध्वनिशास्त्रातला इंजिनियर; बोलायला सौम्य, पण आकडा चुकला की जेवण सोडणारा. त्याचा डबा दुपारपासून तसाच पडला होता.

"नुसते हसले तर नशीब समज," रेवती म्हणाली.

डॉ. रेवती उटगे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायची. हा विषय शिकवणाऱ्याला लोक एकच प्रश्न विचारतात, "मग निवडणुकीला कधी उभ्या राहताय?" तिला निवडणुकीत काडीचा रस नव्हता. तिला रस होता त्यानंतरच्या पाच वर्षांत, म्हणजे निवडून गेलेली माणसं त्या गोल सभागृहात बसून नक्की करतात काय यात. बालाघाट राज्य होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांतले बहुतेक सगळे कायदे आवाजी मतदानाने झाले होते. अध्यक्ष म्हणतात, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." एक गलका उठतो. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." दुसरा गलका उठतो. अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि जाहीर करतात, "होयचे बहुमत." कुणी हरकत घेऊन पोल मागितला, तर प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवावं लागतं. पण पोल मागणाऱ्याचा आवाजही गलक्यातच जातो, आणि गलक्यात कुणाचं काय ऐकायचं हे अध्यक्षांच्या हातात असतं.

राज्यघटनेचं एकशे एकोणनव्वदावं कलम सांगतं की, सभागृहातला निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने व्हावा. रेवतीचा प्रश्न साधा होता. गलका म्हणजे बहुमत, हे ठरवलं कुणी?

त्या प्रश्नातून चाळणी जन्माला आली. माणसाला दोन कान असतात ते उगीच नव्हे. आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. म्हणून तर लग्नाच्या मांडवातल्या कलकलाटातही आईला आपल्याच लेकराचं रडणं बरोबर ऐकू येतं. नवं विधानभवन बांधताना आवाज घुमू नये म्हणून छतात चौसष्ट मायक्रोफोन बसवले होते. सभागृहाला असे चौसष्ट कान होते, आणि प्रत्येक कानाने ऐकलेलं वेगवेगळं साठवून ठेवलं जात होतं, कारण ते पुसून टाकायचं कुणाला सुचलंच नव्हतं. इर्शादच्या यंत्राने त्या चौसष्ट नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि गलक्यातला एकेक आवाज त्याच्या त्याच्या बाकापर्यंत मागे नेला. शिवाय प्रत्येकाच्या गळ्याची आणि टाळूची घडण वेगळी असते, तिचा ठसा आवाजावर उमटतो. बाक आणि ठसा जुळले की आवाज कुणाचा यात शंका उरत नाही. डाळीतले खडे वेगळे व्हावेत तसा गलका वेगळा व्हायचा, म्हणून विद्यापीठात सगळे त्याला चाळणीच म्हणायला लागले.

तोवर ते नुसतं संशोधन होतं. मग मांजरा जलहक्क विधेयक आलं.

या कायद्याने मांजरेच्या पाण्यावर पहिला हक्क नव्या हायड्रोजन कारखान्यांना दिला, आणि नदीकाठच्या खासगी विहिरींवर कुलूपबंद लोखंडी झाकणं बसली. रेवतीच्या आईच्या, महानंदाबाईंच्या विहिरीवरही बसलं. विरोधकांनी पोल मागितला होता, अध्यक्षांनी तो ऐकलाच नाही, आणि विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. नदीकाठची बावीस गावं उच्च न्यायालयात गेली. सभागृहाच्या कामकाजात पद्धतीची चूक झाली, एवढ्यावरून कोर्टाला त्यात तोंड घालता येत नाही, असं घटनेचं दोनशे बारावं कलम म्हणतं. पण पद्धत चुकणं वेगळं आणि बहुमत नसतानाच कायदा होणं वेगळं, असं गावांच्या वकिलांनी मांडलं. न्यायमूर्तींनी चाळणीला मोजणी करायला सांगितलं. फक्त आकडे द्यायचे, नावं नाहीत.

आणि आता आकडेच माणसांपेक्षा जास्त झाले होते.

"हे बघा," इर्शादने पडद्यावर सभागृहाचा गोल नकाशा उघडला. "विरोधकांच्या चोवीस बाकांवरून फक्त 'नाही'. सत्ताधाऱ्यांच्या तेहतीसही बाकांवरून 'होय'. पण त्यांच्यातल्या बारा बाकांवरून नंतर 'नाही'सुद्धा आलंय. गळाही तोच." त्याने डोळे चोळले. "असं कसं होईल? यंत्रातच कुठेतरी पाणी मुरतंय."

रेवतीचं लक्ष त्या बारा ठिपक्यांतल्या एकावर खिळलं होतं. तिसरी रांग, डावीकडून चौथा बाक. नाव कळायला तिला चाळणीची गरज नव्हती. कॉलेजात असताना ती प्रेक्षक गॅलरीतून याच बाकाकडे बघून हात हलवायची. तिथे तिचा मामा बसायचा.

*

आमदार मन्मथप्पा कल्याणे तिसऱ्यांदा निवडून आले होते, सत्ताधारी पक्षाकडून. रेवतीचे वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढचं सगळं मामाने केलं. पुस्तकं आणली, वसतिगृहात नेऊन सोडलं, तिच्या पीएचडीच्या पेढ्यांचा डबा घेऊन तो मतदारसंघभर हिंडला. कायदा झाला तेव्हा गावात त्याच्या नावाने शिमगा सुरू होता. पंचमीला तो बहिणीला माहेरी न्यायला आला, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाला, "आक्का, या लिंगाची आण, मी 'नाही' म्हणालो होतो." लिंगाची खोटी शपथ त्यांच्या सात पिढ्यांत कुणी घेतली नव्हती. त्या दिवसापासून महानंदाबाई गावभर भावासाठी भांडल्या. पाणवठ्यावर भांडल्या, मठात भांडल्या. "माझा भाऊ पक्षाच्या विरोधात उभा ठाकला, तुमच्यात हाय का कुणात तेवढी धमक?" असं त्या तोंडावर विचारायच्या.

रेवतीनेही ती शपथ खरी मानली होती. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी आमदार निवासात मामासमोर बसल्यावर तिने जे विचारलं ते अगदी भाबडेपणाने विचारलं.

"मामा, त्या दिवशी तुमच्या बाकावर दुसरं कुणी येऊन वाकलं होतं का? प्रतोद वगैरे? तुमच्या बाकावरून 'होय' आलंय. यंत्र चुकतंय कुठेतरी, ते मला शोधायचंय."

मामाने चहाची बशी ओठांपाशी नेली होती. ती तशीच खाली आली. त्याने मान खिडकीकडे वळवली.

"यंत्र चुकत नाही, रेवा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही मीच म्हणालो."

रेवतीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला वाटलं, न कळतं तर बरं झालं असतं.

"प्रतोद पुढच्याच रांगेत बसलेला. मान वळवून वळवून बघायलेला, कोण तोंड उघडतंय आन् कोण नाही. 'होय' नसतो म्हणालो तर आमदारकी गेलीच म्हणून समज. मग 'नाही'ची पाळी आली. तिकडून विरोधकांचा एवढा गलका, आन् मला आक्काचं तोंड दिसायलं डोळ्यापुढं. रुमालाआडून म्हणालो 'नाही'. आवाजी मतदान होतं, रेवा. कोण मोजायलंय? एक शब्द पक्षाला दिला, एक गावाला." त्याने गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "पर शपथ खोटी घेतली नाही मी. 'नाही' म्हणालो होतो, तेवढं तरी खरं हाय."

"आणि 'होय'?"

"ते आक्कानं विचारलं नव्हतं."

रेवतीला संताप आला, आणि त्याच वेळी या माणसाची इतकी कीव आली की तिला त्याच्याकडे बघवेना. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तो तिच्या आयुष्यातला सगळ्यांत सरळ माणूस होता.

"तुम्ही एकटे नाही, मामा," ती म्हणाली. "बारा जण आहेत."

मामा चमकला. "बारा?"

"बारा. सगळे तुमच्याच पक्षाचे. प्रत्येकाला वाटलं असेल, आपण एकटेच."

तो खुर्चीत मागे रेलला. तेव्हा त्या बारा जणांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं असतं, तरी आज एकाही विहिरीवर झाकण नसतं. हे त्यालाही कळलं असावं, कारण त्याचे डोळे भरून आले.

"मामा, उद्या सरकारी वकील विचारतील, सत्तावन्न माणसांतून एकोणसत्तर आवाज निघाले कसे? मला एखादा आवाज ऐकवावा लागेल. एकाने तरी उभं राहून सांगितलं की मी दोन्ही म्हणालो, तर चाळणी खरी ठरेल. ती बारा मतं बाजूला काढली की 'होय' एकवीस आणि 'नाही' चोवीस. कायदा पडतो. नाहीतर यंत्र खोटं, मी खोटी, आणि झाकणं कायमची. तुम्हाला बोलावता येत नाही मला. सभागृहात दिलेल्या मताबद्दल आमदाराला कोर्टात खेचता येत नाही, एकशे चौऱ्याण्णवावं कलम. तुम्ही आपणहून आलात तरच."

"आलो तर काय उरतं माझं?" मामा एकदम उसळला. "'नाही' म्हणालो म्हणून पक्ष आमदारकी घेणार, 'होय' म्हणालो म्हणून गाव तोंडात शेण घालणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पक्षाचं सोड, गावाचंबी सोड. पर आक्का? ती माझ्यासाठी मठाच्या स्वामींशी भांडली गं." त्याचा आवाज खाली आला. "बारा हायेत म्हणतेस ना? मग दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकव की. अकरा जण पडलेत. मलाच कशापायी?"

रेवतीने पर्स उचलली. ती उठली, तेव्हा मामा तिला दारापर्यंत पोचवायला आला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

जिना उतरताना आईचा फोन आला. आवाज आनंदाने भरलेला. "रेवा, उद्या मीबी येनार कोर्टात. मन्मथला म्हनलं, तूच घेऊन चल मला. तुझं यंत्र त्याचं 'नाही' समद्यांना ऐकवनार, ते मला माझ्या कानानं ऐकायचंय."

"मामा काय म्हणाला?"

"काय म्हननार? बरं म्हनला. कालच कबूल केलंय त्यानं."

*

कोर्ट खचाखच भरलं होतं. बावीस गावांची माणसं बाहेर व्हरांड्यात उभी होती. मागच्या बाकावर आई बसली होती, हिरवं इरकल नेसून, कपाळावर भस्माची ताजी रेघ ओढून. तिच्या शेजारी मामा. रेवतीने एकदा बघितलं आणि परत तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

सरकारतर्फे उभे राहिलेले महाधिवक्ता उंच, हसतमुख आणि अत्यंत तयारीचे होते. त्यांनी अहवाल उचलला आणि सावकाश वाचला.

"डॉक्टर, सभागृहात आमदार किती होते?"

"सत्तावन्न."

"आणि तुमच्या यंत्राला आवाज किती ऐकू आले?"

"एकोणसत्तर."

"मग वरची बारा मतं कुणाची? भुतांची?"

कोर्टात हशा पिकला. इर्शादने मान खाली घातली. न्यायमूर्तींनी पेन ठेवलं. ते वयस्कर होते, कमी बोलणारे. "डॉक्टर, याचं उत्तर द्यावं लागेल."

"बारा सदस्य दोनदा बोलले," रेवती म्हणाली. "आधी 'होय' म्हणाले, नंतर 'नाही' म्हणाले."

या वेळी हशा झाला नाही. महाधिवक्त्यांचं हसू मात्र तसंच राहिलं. "फारच सोयीचं. पुरावा?"

"एकाचा आवाज ऐकवण्याची परवानगी असावी. नाव मी सांगणार नाही."

कुणाचा ऐकवायचा, या विचारात रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मामा म्हणाला ते खरं होतं, अकरा जण होते. तिसऱ्याच कुणाच्या घराला काडी लावून आपलं घर शाबूत ठेवता आलं असतं. पण तिला शपथेवर बोलायचं होतं. त्या अकरांच्या बाबतीत ती फक्त यंत्र काय म्हणतं ते सांगू शकत होती. यंत्र बरोबर आहे हे तिला माणसाच्या तोंडून कळलं होतं ते एकाच बाकाबद्दल. त्या एका माणसाने तिला लहानाचं मोठं केलं होतं, तरी तिने इर्शादला खूण केली.

आधी सगळा गलका ऐकू आला. मग चाळणीने एकेक थर काढला आणि गलका विरळ होत गेला, शेवटी कोर्टात एकच आवाज उरला. "होय!" भारदस्त, छातीतून आलेला, प्रचारसभेत घुमावा तसा. मग थोडी शांतता. मग तोच गळा, पण दबलेला, कापडाआडून आल्यासारखा. "नाही."

रेवतीने न बघण्याचं ठरवलं होतं, तरी तिची मान वळलीच. मामा जमिनीकडे बघत होता. आईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं; ते काढून घ्यायचं तिला अजून सुचलं नव्हतं.

"महोदय," महाधिवक्ता म्हणाले, "आजकाल कुणाचाही आवाज यंत्रात तयार करता येतो. पहिलीतलं पोरही करतं. हा आवाज खऱ्या माणसाचा आहे हे सांगणार कोण? डॉक्टर? यंत्र त्यांचंच आहे."

"मुद्दा बरोबर आहे," न्यायमूर्ती म्हणाले. "ज्याने हा आवाज यंत्राबाहेर, प्रत्यक्ष ऐकलेला आहे, असं कुणी सांगायला तयार आहे का?"

रेवतीने मनातल्या मनात मामाला हाक मारली. उठा. आता तरी उठा. मामाचे दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीला घट्ट धरून होते. वाटलं, आता उठेल. तो उठला नाही.

त्याच्या शेजारची बाई उठली.

"मी वळखते," महानंदाबाई म्हणाल्या.

मामाने तिचा पदर धरला. "आक्का, खाली बस." तिने त्याच्याकडे न बघता पदर सोडवून घेतला आणि ती पुढे आली. साक्षीच्या पिंजऱ्याची पायरी चढताना तिचा गुडघा दुखला, पण ती थांबली नाही. शपथ घेताना तिचा आवाज स्वच्छ होता.

"हा आवाज कुणाचा?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"माझ्या भावाचा. मन्मथप्पा कल्याणेचा."

व्हरांड्यापर्यंत कुजबुज गेली. महाधिवक्ता उठले. "बाई, तुमची विहीर या कायद्यात बंद झाली आहे. तुम्हाला हा कायदा पडायला हवा आहे, खरं ना?"

"हवाच हाय की."

"मग तुमच्या बोलण्यावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?"

"साहेब, इहिरीपायी सख्ख्या भावाला बुडवनारी बहीन तुम्ही कुठं बघितलीय का?" ती म्हणाली. "मी तर त्याचं कौतुक ऐकाया आलते हितं."

महाधिवक्ता खाली बसले. न्यायमूर्तींनी विचारलं, "दोन आवाज ऐकलेत तुम्ही. एक 'होय' म्हणतो, एक 'नाही'. दोन्ही त्यांचेच?"

"दोन्ही त्याचेच." तिने पहिल्यांदा मागे वळून भावाकडे बघितलं. "मोठ्यानं म्हनला ते त्यानं पक्षाला दिलं. हळू म्हनला ते मला दिलं. तुमच्या कायद्यात त्यातलं कुठलं धरत्यात ते तुम्ही बघा, साहेब. मला असं लपवून दिल्यालं नको."

रेवतीला रडू फुटलं. शपथेवरची तज्ज्ञ साक्षीदार भर कोर्टात रडतेय हे तिला कळत होतं, आणि तिला थांबता येत नव्हतं. इर्शादने पाण्याचा पेला पुढे केला.

न्यायमूर्तींनी तिथेच आदेश सांगायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना दिलेलं मत हे मत नव्हे. एकाच सदस्याने दोनदा आवाज दिल्याचा विश्वसनीय पुरावा पुढे आला आहे, आणि अशा बारा आवाजांवर ज्या कायद्याचा निकाल अवलंबून आहे त्याला बहुमत होतं असं मानता येत नाही. कायद्याची अंमलबजावणी आजपासून थांबवावी, झाकणं काढावीत. सरकारला तो कायदा हवा असेल तर विधेयक परत सभागृहात न्यावं, आणि या वेळी प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी नोंदवावं.

बाहेर आरडाओरडा झाला. कुणी तरी आनंदाने टोपी उडवली, शिपाई लोकांना गप्प करायला धावले. गावांचे वकील रेवतीचा हात हातात घेऊन हलवत होते. तिला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती पिंजऱ्याकडे बघत होती.

आई अजून तिथेच उभी होती. उतरायच्या पायरीवर तिचं पाऊल अडखळलं, तशी गर्दीतून वाट काढत मामा पुढे आला. त्याने तिच्यासाठी हात पुढे केला, दर पंचमीला गाडीतून उतरताना करायचा तसा.

आईने त्या हाताकडे बघितलं. मग तिने लाकडी कठडा धरला आणि एकेक पायरी करत एकटीच खाली उतरली.